उपडं घमेलं

भावजी, तुमच्या दहाव्याला कावळा लवकर आला नाही.

नीरेच्या काठावर सगळे उन्हात उभे होते. पिंड मांडून झाला होता. मग नेहमीचं सुरू झालं. एकजण पुढं होऊन हात जोडून म्हणाला, "तात्या, विहिरीचं राहिलेलं बांधकाम आमी पुरं करतो." कावळा नाही. दुसरा म्हणाला, "तात्या, धाकटीच्या लग्नाची काळजी नगा करू, आमी हाय की." कावळा नाही. तिसऱ्यानं तर देवळाला कळस चढवतो म्हणून सांगून टाकलं. कळसाचं तुम्ही कधी नावही काढलं नव्हतं. मी दगडावर बसून ऐकत होते. गुडघे आता उभं राहू देत नाहीत. तुम्ही असतात तर एकेकाला धरून विचारलं असतंत, "करतो म्हंजी कोण? कवा? आन् त्याला हातात काय कमी हाय?" ज्याला सांगता आलं नसतं त्याला खाली बसवलं असतंत. शेवटी सगळे बोलून दमले, गप्प झाले, तेव्हा कावळा आला आणि शिवून गेला. मला वाटतं, त्यांनी खोटं कबूल करणं थांबवावं एवढीच तुमची इच्छा होती.

जेवणाचंही तेच झालं. आचारी आला तर लाकडं नव्हती. लाकडं आली तर मांडववाल्यानं खांब नेमका चुलाणाच्या जागेवर रोवलेला. पाण्याचा टँकर आला, त्याला आत यायला वाट नाही, कारण वाटेत पत्रावळ्यांची पोती उतरवून ठेवलेली. ज्यानं त्यानं आपापलं काम चोख केलं होतं आणि माणसं उपाशी बसली होती. तुमच्या दहाव्याला, भावजी! मला हसू आलं. बायकांना वाटलं मी रडते आहे, म्हणून एकीनं पाणी आणून दिलं.

इंदापूरच्या मुलींच्या वसतिगृहाच्या बाई म्हणाल्या, आजी, तात्यांवर चार ओळी लिहून द्या, आमच्या अंकात घालू. मी चौथीपर्यंत शिकलेली. तुम्ही कुठं जन्मला, काय काय बांधलंत, ते ज्यांना ठाऊक आहे ते लिहितील. मी तुमच्या थोरल्या भावाची बायको, तुमच्यापेक्षा वयानं मोठी, आणि माझं तुमच्याशी एक भांडण राहिलं आहे. समोर बसून करायचं होतं. आता इथं करते.

हे वसतिगृह बांधायचं काम तुम्ही घेतलंत तेव्हा बारामतीच्या नव्या एमआयडीसीतून परत आला होतात. तिथं एका कारखान्याच्या इमारतीवर तुम्ही मुकादम होतात आणि तिथल्या साहेबानं तुमच्या डोक्यात काहीतरी भरून दिलं होतं. आल्या आल्या मला म्हणालात, "वैनी, आता बांधकाम निराळं करायचं." मी म्हटलं, "भिंत उभीच बांधायची ना?" तुम्ही हसला नाहीत. तेव्हाच मी ओळखलं की हे खूळ लवकर उतरायचं नाही.

मी तोवर कितीतरी वर्षं डोक्यावर घमेलं वाहिलं होतं. पुढं बायकांची टोळी माझ्याच हाताखाली होती. जिथं काम तिथं पत्र्याची खोली, बारा महिने तसंच. माझा मुलगा मात्र अजून मेंढरांमागं होता. दिवाळी झाली की तो आणि सूनबाई मेंढरं घेऊन कोकणाकडं जायचे, ते पावसाळ्याच्या तोंडाला परत. माझी नात रंजना नुकतीच पाचवीत गेली होती. गावाकडं, लासुर्ण्याच्या घराला दिवाळीनंतर कुलूप लागणार, म्हणजे तिलाही जावं लागणार. आधीच्या वर्षी गावातल्या दोन पोरी अशाच गेल्या. परत आल्या त्या शाळेत गेल्याच नाहीत, त्यांची लग्नं ठरली होती. इंदापूरचं मुलींचं वसतिगृह दिवाळीच्या आत उघडलं तर रंजना राहील, नाही तर तिची शाळा संपली. हे तुम्हाला ठाऊक होतं. बाकीच्यांना ते एक काम होतं. आपल्याला ते रंजनाचं घर होतं.

पहिल्या सोमवारी सकाळी तुम्ही सगळ्यांना कामावरच्या लिंबाखाली बसवलंत. गवंडी, स्लॅबखाली फळ्या-टेकू लावणारा सेंट्रिंगचा बबन सुतार, सळईवाला, नळवाला, वायरमन. आणि मला. गवंडी म्हणाला, "तात्या, बायामाणसाचं काय काम हितं?"

"तुझी वीट उडत जाती का भिंतीवर?" तुम्ही विचारलंत.

मग एकेकानं सांगायचं, या आठवड्यात मी काय करणार, आणि ते करायला मला दुसऱ्याकडून काय हवं. वायरमन लगेच म्हणाला, "करतो की तात्या, सगळं करतो."

"सगळं नगं. बुधवारी काय करणार?"

"बुधवारी... बुधवारी मला मेव्हण्याच्या लग्नाला जायचंय."

"मंग तसं बोल की लेका! तू लग्नात लाडू खाणार आन् गवंडी तुझ्या पायपांची वाट बघत बसणार व्हय?"

सगळे हसले. पण गवंड्यानं बुधवारी दुसरी भिंत घेतली आणि पाईप बसल्यावर या भिंतीकडं वळला. त्याआधी मी काम केलेल्या प्रत्येक इमारतीत गिलावा झाला की वायरमन छिन्नी घेऊन हजर व्हायचा. भिंत फोडायची, पुन्हा भरायची, आणि खालचा राडा उचलायचा आम्ही बायकांनी. या इमारतीत राडा उचलल्याचं मला आठवत नाही. "होत न्हाय" म्हणणाऱ्यावर तुम्ही कधी आवाज चढवला नाहीत. तोंडदेखलं "व्हय" म्हणणाऱ्याला मात्र सोडलं नाहीत. माणसांना "न्हाय" म्हणायला शिकवणारा ठेकेदार मी दुसरा पाहिला नाही.

एक दिवस तुम्ही माझ्या मागं मागं चालायला लागलात. मी म्हटलं, "भावजी, लाज सोडली का? भावजयीच्या मागं फिरताय, अख्खं इंदापूर बघतंय."

"वैनी, ही वीट तुमच्या डोक्यावर किती खेपा चढती ते बघतोय."

ट्रकमधून फाटकाशी. फाटकापासून शेडमध्ये. शेडमधून भिंतीपाशी. भिंत हलली की पुन्हा उचल. वीट तीच, मान तीच. दुसऱ्या दिवशी तुम्ही वाळूचा ढीग हलवलात, ट्रकला आतपर्यंत वाट केलीत आणि वीटभट्टीवाल्याला सांगितलंत, लागतील तेवढ्याच विटा, लागतील त्याच दिवशी. तो चार दिवस कुरकुरला. माझ्या मानेला हे सगळं कधीचं माहीत होतं, पण मानेला कोण विचारतं? तुम्ही विचारलंत. एवढं मी मान्य करते. मान अजून दुखतेच, तो भाग निराळा.

तुम्ही म्हणायचात, हे जपानचं आहे, मोटारींच्या कारखान्यातलं. मी विचारलं होतं, "जपानमधी मेंढरं हायत का?" कारण मी सून म्हणून आले तेव्हा तुमचे वडील, आपले आबा, रोज संध्याकाळी सगळ्यांना असंच बसवायचे. उद्या कुठं मुक्काम, पाणी कुठं, कुठली मेंढी व्यायला झाली आहे. सगळा कळप लंगड्या मेंढीच्या चालीनं चालायचा, पळणाऱ्या बोकडाच्या नाही. आणि चालताना कुणीही, पोर असो की म्हातारी, काठी आडवी वर धरली की कळप थांबायचा. आधी थांबायचं, का थांबलो ते नंतर. तुम्ही हे विसरून बारामतीला शिकायला गेलात, असं मी म्हटलं. त्यावर तुम्ही म्हणालात, "आबांनी केलं वैनी, पर कुणाला सांगितलं न्हाय. त्येंच्यासंगं गेलं. जपानवाल्यांनी सांगितलं, म्हणून माझ्यापतुर आलं."

मी घमेलं उचललं आणि चालू लागले.

पण काठीचा नियम तुम्ही आबांचाच घेतलात. मिक्सरच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून रिकामं घमेलं डोक्यावर उपडं धरायचं. कुणीही धरावं. धरलं की काम बंद.

स्लॅबचा दिवस पोळ्यानंतरचा. सकाळपासून मिक्सर चालू होता. माणसं आणि बायका एका रांगेत, घमेली हातोहात वर जात होती. निम्म्याच्या पुढं स्लॅब भरला होता. मी पाणी प्यायला खाली आले आणि स्लॅबखाली बल्ल्यांचे टेकू उभे होते तिकडं सहज पाहिलं. मधल्या ओळीतला एक टेकू हलला. त्याच्या बुडाशी विटा होत्या, त्यांतून करकर आवाज आला आणि वरून सिमेंटचं पाणी गळलं. मी पाहिलं, भावजी. मी घमेलं उपडं केलं आणि डोक्यावर धरून बाहेर आले.

मिक्सर थांबला. एकदम इतकं शांत झालं की रस्त्यावरची एसटी ऐकू आली. मग सगळे माझ्यावर तुटून पडले. स्लॅब मधे थांबवत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. थांबला की तिथं जोड राहतो, जन्मभर गळतो. वसतिगृहाच्या संस्थेचे इंजिनीअर वरून ओरडले, "कुणी थांबवलं? का थांबवलं?" आणि बबन सुतार लालबुंद होऊन माझ्यासमोर आला. "माझा टेकू? माझा टेकू हलला म्हणता वैनी? तीस गावांत माझं सेंट्रिंग हाय, एक टेकू हलल्याला कुणी दाखवावा!"

"आत जाऊन बघ," मी म्हटलं.

"बघतो की! आन् न्हाय निघाला तर?"

तुम्ही मधे आलात. वरची माणसं खाली उतरवलीत. आत जाऊन बघणं सोपं होतं, दोन मिनिटांचं. तुम्ही गेला नाहीत. बबनला म्हणालात, "मधल्या दोन ओळींना बाहेरून नवं टेकू लावत आत जा. फळीवर लाव, इटांवर न्हाय. सगळ्यांना लाव, कुठला हलला ते बघत बसू नगं." तो गेला, त्याची दोन माणसं गेली. बराच वेळ लागला. तोवर वरचं काँक्रीट घट्ट व्हायला लागलं. बबन बाहेर आला, तोंड उघडलं, आणि तुम्ही हात वर केलात. "काय दिसलं ते मला सांगू नगं. कुणालाच सांगायचं न्हाय. चला, मिक्सर चालू करा."

त्या क्षणापासून मी तुमच्यावर रागावले ती रागावलेलीच आहे.

जोड राहिला. दिवाळीच्या आत मुली राहायला आल्या, रंगाचा वास जायच्या आधी. रंजना पत्र्याची पेटी घेऊन आली आणि मेंढरं तिच्याशिवाय कोकणाकडं गेली. पुढच्या पावसाळ्यात तो जोड गळायला लागला, नेमका तिच्याच खोलीत. पोरींनी त्याला नाव दिलं, आजीचा नळ. "आजीचा नळ चालू झाला, बादली आणा गं!" मला ऐकू येईल असं म्हणायच्या. संस्थेनं पुढचं, शाळेच्या इमारतीचं काम दुसऱ्या ठेकेदाराला दिलं, मधेच स्लॅब थांबवणाऱ्याला नको म्हणून. तुम्ही मात्र रोहिणी नक्षत्र लागलं की डांबराचा डबा घेऊन वसतिगृहावर चढायचात, जोड भरायचात, खाली येऊन पोरींकडून चहा घ्यायचात. दर वर्षी.

आणि दर वर्षी मी विचारायची, "मी बरोबर होते का नव्हते, एवढं सांगा."

"मला ठावं न्हाय, वैनी."

"बबनला ठावं हाय. विचारा त्याला."

"विचारणार न्हाय."

"का?"

"तुमी चुकला असला तर पुढच्या खेपंला कुणी घमेलं उपडं करायचं न्हाय. बबन चुकला असला तर पुढच्या खेपंला तो झाकून ठेवील. टेकू आता फळीवर लागत्यात. एवढं बास."

हे तुमचं उत्तर. मला ते कधी पटलं नाही. माझ्यामुळं स्लॅब गळतो असं अख्खा गाव म्हणतो, पोरी नळाला माझं नाव देतात, आणि तुम्ही एका शब्दानं मला सोडवू शकत होतात. किंवा एका शब्दानं चूक माझ्या पदरात टाकू शकत होतात. तेही चाललं असतं. मी काही काचेची नाही. अधांतरी ठेवलंत, त्याचा राग आहे.

एक गोष्ट मात्र लिहायला हवी, नाही तर मी लबाड ठरेन. स्लॅबनंतर पंधरवड्यानं माझ्या टोळीतल्या कौसानं घमेलं उपडं केलं. ही कौसा पुरुषांसमोर डोक्यावरचा पदर खाली येऊ देत नसे, सोमवारी लिंबाखाली बसायला बोलावलं तर झाडामागं उभी राहायची. न्हाणीघरात फरशी बसत होती आणि तिनं ओतलेलं पाणी बाहेर जायच्या ऐवजी खोलीकडं वळलं. तिनं घमेलं धरलं. गवंडी ओरडायला वळला, आणि मग त्याला माझी आठवण झाली असावी, माझं काय झालं होतं ते. तुम्ही मला काही होऊ दिलं नव्हतं. तो खाली बसला, पाण्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "व्हय की. उतार उलटा झालाय." फरशीखालचं सिमेंट ओलंच होतं, तिथंच उचलून नीट बसवली. नाही तर त्या पोरी दर सकाळी पाण्यात उभ्या राहिल्या असत्या.

कौसाचं हे पाहून तुम्ही माझ्याकडं बघून नुसती मान हलवलीत. मी तोंड फिरवलं. मला तुमच्या त्या मान हलवण्यात माझं उत्तर नको होतं.

बारामतीच्या दवाखान्यात शेवटचं भेटले तेव्हा तुम्ही वाळून गेला होतात. बरे दिसता वगैरे मी म्हटलं नाही. तुम्हीच म्हणालात, "वैनी, अजून रागावलाय व्हय?"

"व्हय."

"सोमवारी बसू. तवा बोलू."

सोमवारपर्यंत तुम्ही राहिला नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा, जे होणार नाही ते कबूल केलंत.

मी दमले आहे, भावजी. माणसं जातात त्याचं मला आता फार वाटत नाही, आधी थोरले गेले, आबा गेले, किती गेले. ज्याच्याशी भांडत होतो तो गेला की मात्र दिवस लांब होतो. रंजना यंदा दहावीला आहे. परीक्षेचा अभ्यास आहे म्हणून तिला दहाव्याला येऊ नको म्हटलं, तरी आली. नदीवर तिनंही हात जोडले, पण बोलली काहीच नाही. मी नंतर विचारलं, तर म्हणाली, "आज्जे, काय व्हईल ते मला ठावं न्हाय. मंग कसं कबूल करू?" तुमचीच शिकवण. वेळप्रसंग बघत नाही पोरगी.

काल दुपारी बबन सुतार आला. दहाव्याच्या गर्दीत बोलता आलं नाही म्हणाला. आता कमरेत वाकला आहे, सायकल हातात धरून चालत आला. मी गोठ्यातलं शेण भरून उकिरड्यावर टाकून परत येत होते. तो ओट्यावर बसला, तांब्याभर पाणी प्याला. मग म्हणाला, "वैनी, तात्या गेले. आता त्येंचा शब्द बी संपला म्हणायचा. त्या दिशी सलाबाखाली मी शिरलो ना, तवा मधल्या ओळीत मला जे दिसलं..."

इतकी वर्षं हेच हवं होतं. एक वाक्य, आणि ते त्याच्या ओठावर आलं होतं. तो टेकू मी पाहिला होता, मला खात्री होती, अजून आहे. एकदा कुणीतरी तोंडानं म्हणावं एवढंच राहिलं होतं. आणि मी त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं. त्याला सांगायचं होतं, पण रिकामा तांब्या तो पुन्हा तोंडाला लावत होता. ते वाक्य पुरं झालं असतं तर आमच्या दोघांपैकी एकजण उठताना लहान होऊन उठला असता. कोण, ते मला ठाऊक नाही. मला माझी बाजू ठाऊक आहे, त्याची नाही.

माझ्या हातात शेणाचं रिकामं घमेलं होतं. मी ते उपडं केलं आणि डोक्यावर धरलं.

बबन बोलता बोलता थांबला. उरलंसुरलं शेण माझ्या कपाळावरून नाकावर आलं, तरी मी घमेलं खाली घेतलं नाही. मग तो हसायला लागला, त्याला खोकला आला, डोळे पुसले. म्हणाला, "तात्यांनी शिकवल्यालं इसरला न्हाय वैनी तुमी."

"चहा घेशील?" मी विचारलं.

चहा घेतला, उसाच्या तोडीचं बोलला, गेला. निघताना म्हणाला, रोहिणी लागायच्या आत वसतिगृहावर डांबर घालायला मी येतो. मी विचारलं, कवा येशील, कुणाला घेऊन, डांबर कोण आणणार? त्यानं सगळं नीट सांगितलं. वर शिडीला माणूस मिळत नाही, तेवढं कमी आहे म्हणाला. शिडी मी धरीन.

तुमचं ऐकलं म्हणून फुगू नका. मी बरोबरच होते.